दुबारचा कॉलम

“गादी, पुढची स्लाइड.”

छोटे शेठ हे माइकवर म्हणाले. हॉलमध्ये आमच्या सगळ्या दुकानांचे मॅनेजर बसले होते. जेवणं झालेली, तोंडात पान. स्लाइड बदलायचं काम माझं होतं. मी लॅपटॉपजवळ उभी होते. उभी राहा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. फक्त माझ्यासाठी खुर्ची ठेवली नव्हती.

गादी हे माझं नाव नाही.

मी बटण दाबलं. पडद्यावर सुलतानपूरचं दुकान आलं. कपाशीचं बियाणं, खरीप हंगाम. गेल्या वर्षी किती पाकिटं गेली, यंदा किती, वाढ किती टक्के. आणि शेवटी एक कॉलम, जो मला कोणी टाकायला सांगितला नव्हता. वर लिहिलं होतं, दुबार.

“हे काय आहे?”

मी काहीतरी पुटपुटले.

“माइक देऊ का तुला?”

लोक हसले. मी म्हणाले, “दुबार पेरणीचं बियाणं आहे, सर. पहिलं उगवलं नाही म्हणून त्याच लोकांनी परत नेलेलं. ते वेगळं काढलंय.”

छोटे शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग एका हातात माइक धरून दुसऱ्या हातानं त्यांनी हवेत धुनकी धरल्यासारखं केलं. कापूस पिंजायची धुनकी. तोंडानं तिच्या तारेचा आवाज काढला. “तांय, तांय, तांय.” माइकमुळे तो हॉलभर घुमला. मग म्हणाले, “हिला बेरीज करायला सांगितली होती. ही बापासारखी पिंजत बसली.”

सगळे हसले. सुलतानपूरच्या दुकानाचा मॅनेजर देवीदास सगळ्यात जास्त. त्याला ठसका लागला, शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

छोटे शेठ माझ्याजवळ आले. माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. कॉलम निवडला, काढून टाकला. माझा हात तसाच टेबलावर राहिला, खाली काही नसलेला. पडद्यावर आता फक्त वाढ उरली. सगळ्या दुकानांत सुलतानपूर पहिलं. टाळ्या वाजल्या. देवीदासला हार घातला, बँकॉकच्या सहलीचं पाकीट दिलं. फोटो काढताना मी मध्ये येत होते. एकानं मला बाजूला हो म्हणून खूण केली. हात लावला नाही. हवेतच हलवला, माशी हाकलतात तसा.

मी बाजूला झाले.

आम्ही पिंजारी. मुसलमान. मुसलमानांतही सोयरिकीच्या वेळी आमची जात निघाली की बैठकीतली माणसं चहा संपवून उठतात. अब्बा देऊळगाव राजात गाद्या-रजया भरतात. आधी धुनकी खांद्यावर टाकून घरोघर जायचे. नंतर मशीन घेतलं आणि बसस्टँडमागच्या एका गाळ्यात बसवलं. गाळा शेठजींचा. बियाण्याचा, खतांचा, औषधांचा धंदाही शेठजींचा. तालुक्या-तालुक्यात त्यांची दुकानं आहेत. छोटे शेठ त्यांचा मुलगा.

मी दुसरीत असताना अब्बांबरोबर शेठजींच्या घरी गेले होते. सुट्टी होती. मागच्या अंगणात अब्बांनी जुन्या गाद्या फाडल्या, कापूस मोकळा केला, पिंजायला बसले. थोड्या वेळानं त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. मी ओढणीनं तोंड बांधून कोपऱ्यात बसले होते. पाणी मागितलं तेव्हा शेठजींच्या बाईंनी वरून ओतलं, आम्ही ओंजळीनं प्यायलो. मागच्या दारात एक मुलगा उभा होता. माझ्याच शाळेतला, माझ्यापुढे दोन वर्गांनी. तो बघत होता. कुठंही न हसता, नीट बघत होता.

संध्याकाळी गाद्या तयार झाल्या. बाईंनी त्या उतरत्या उन्हात टाकायला लावल्या आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं. आम्ही अजून तिथंच होतो, हत्यारं आवरत होतो. लपून करावं असं त्यांना त्यात काही वाटलं नाही. पिंजाऱ्याचा हात लागला होता, तो धुवून काढला. मग रात्री त्याच गादीवर झोपले असतील. आरामात.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं माझ्या केसांतून कापसाचं एक फूल काढलं आणि पोरांना दाखवलं. “ही आमच्या घरची गादी.” आमची शाळा इंग्लिश मीडियम. मराठीत एक शब्द बोललं तर पट्टी मिळायची. पण तो एक शब्द चालला. दहावीपर्यंत चालला. टीचर आधी ओरडल्या, मग त्यांनाही हसू यायला लागलं. हजेरी घेताना एकदा त्यांच्याच तोंडून निघाला.

अब्बांनी मला त्या शाळेत घातलं कारण तिथं शेठजींचा मुलगा जायचा. त्याच्याजवळ बसलं की माणूस मोठा होतो, असं त्यांना वाटायचं. मी कमी बोलायला शिकले. घरात अम्मीची हिंदी, अब्बांची आणि गल्लीची वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी. तिन्हीकडे गप्प. गप्प बसणाऱ्या पोरीला लोक शहाणी म्हणतात. त्यांना तिच्यापासून त्रास नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

कॉलेजला जालन्याला जायचे, एसटीनं. तिथं डेटाबेस शिकवायचे. मला ते आवडलं. माहितीच्या टेबलाला प्रश्न विचारायचा, त्याला क्वेरी म्हणतात; नीट विचारला तर नीट उत्तर येतं. कोण विचारतंय ते टेबल बघत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढे प्रश्न विचारत होते, आणि कोणी माझ्या केसांकडे बघत नव्हतं.

मग शेठजींच्याच ऑफिसात नोकरी लागली. शब्द अब्बांनी टाकला होता. मी नको म्हणाले होते. ते म्हणाले, दुसरीकडे कोण घेणार आहे तुला. खरं होतं. गोदामाच्या कडेला एक खोली, तिच्यात मी आणि कम्प्युटर. औषधांचा वास डोक्यात बसायचा. घरी आंघोळ करून जेवायला बसलं तरी भाकरीला तो वास यायचा. छोटे शेठ पुण्याला शिकून परत आले होते. माझ्याशी पुण्याची मराठी बोलायचे, मध्ये मध्ये इंग्रजी. ड्रायव्हरला मात्र “काऊन बे?” म्हणायचे. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून म्हणाले, “अरे, गादी!” जुनी मैत्रीण भेटल्यासारखं. ऑफिसमधल्या माणसांना वाटलं, हे माझं लाडाचं नाव आहे. तेही म्हणायला लागले.

माझं मुख्य काम तुलनेचा रिपोर्ट. गेलं वर्ष आणि यंदा. लोकांना वाटतं, दोन आकडे घेतले आणि वजाबाकी केली. तसं नसतं. विक्रीचं एकच टेबल असतं. ते दोनदा घ्यायचं. एकदा त्यातलं गेलं वर्ष, एकदा यंदाचं. दोन्ही शेजारी उभी करायची, गावाला गाव, माणसाला माणूस आणि वाणाला वाण जुळवायचं. त्यात एक फसगत असते. साध्या पद्धतीनं जुळवलं तर जे दोन्हीकडे आहेत तेवढेच दिसतात. ज्यानं गेल्या वर्षी बियाणं नेलं आणि यंदा नेलंच नाही, तो रिपोर्टमधून गळतो. घट म्हणूनसुद्धा दिसत नाही. तो नव्हताच, असं होतं. म्हणून गेलं वर्ष डावीकडे ठेवायचं आणि सांगायचं, डावीकडचे सगळे ठेव, उजवीकडे जोडी असो वा नसो. मग गेलेल्या माणसासमोर रिकामी जागा दिसते.

मी नेहमी डावीकडचे सगळे ठेवायचे. छोटे शेठ म्हणायचे, रिकाम्या ओळी वाईट दिसतात, काढ. मी काढायचे. पण क्वेरीत ठेवायचे.

यंदा जूनमध्ये एक पाऊस पडला आणि लोकांनी सरकी टोबली, एकेक बी हातानं मातीत लावली. अळी लागत नाही म्हणून विकलेल्या बीटी बियाण्याचा भरवसा तोवर उडालाच होता. बोंडात अळी दिसायला लागून काही हंगाम झाले होते. पण दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं, तेव्हा त्याच पाकिटांवर नवी चित्रं यायची आणि लोक तीच न्यायचे. जूनच्या शेवटी विक्री पुन्हा एकदम वर गेली. मला ते विचित्र वाटलं. पेरण्या आटोपल्यावर बियाणं कोण नेतं? आमच्या बिलावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि पाकिटाचा लॉट नंबर, म्हणजे ते कंपनीच्या कोणत्या खेपेतलं ते, असतं. मी नावं जुळवली. तीच माणसं. तेच वाण, दुसऱ्यांदा.

म्हणजे सुलतानपूरची वाढ ही वाढ नव्हती. लोकांचं बियाणं मातीत गेलं, म्हणून त्यांनी ते परत घेतलं, आणि आम्ही दोन्ही पाकिटं एकाखाली एक मांडून टाळ्या वाजवणार होतो. गेल्या वर्षी एकदा पेरलेलं गाव आणि यंदा दोनदा पेरलेलं गाव शेजारी ठेवून, बघा किती पुढे गेलं, असं म्हणणार होतो. म्हणून मी तो कॉलम टाकला. मला काही बंड करायचं नव्हतं. रिपोर्ट बरोबर करायचा होता. मला खरंच वाटलं होतं की त्यांना तो बरोबर हवा असेल.

तांय, तांय, तांय.

मीटिंग झाल्यावर चार-आठ दिवसांनी एक बाई ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. सुलतानपूरची. विमलबाई. आपलं वावर स्वतः करणारी, उंच, आवाज मोठा. दोन एसट्या बदलून आली होती. तिला तिच्या बिलाची नक्कल हवी होती. गावातल्या काही जणांनी बियाण्याबद्दल तालुक्याला तक्रार दिली होती. तक्रारीला बिल लागतं आणि देवीदास दुकानातून बिल देत नव्हता. वॉचमननं तिला आत सोडलं नाही. मी डबा खायला बाहेर आले तेव्हा तिनं मला बरोबर ओळखलं.

“कम्प्युटरवर बसतं ते तूच ना, पोरी?”

मी मान हलवली.

“माह्यं बियाणं मातीत सडलं. अन् तुमच्या पडद्यावर त्याच्या टाळ्या वाजल्या म्हणते. गावात बोर्ड लागला त्याचा. देवीदासचा फोटो, गळ्यात हार. माह्या वावरासमोर. मले रोज त्याच्याखालून जा लागते.”

मी म्हणाले, पावसानं खंड पाडला होता. ऑफिसात सगळे तेच म्हणत होते, तेच माझ्या तोंडात आलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझा घास तोंडातच राहिला.

“पाणी काय बांधाच्या अल्याड पडते अन् पल्याड पडत नाही?”

मग तिनं सांगितलं. सुलतानपूरच्या दुकानातून आणलेली पाकिटं कमी पडली म्हणून एक पाकीट तिनं भावाकडून घेतलं होतं. तेच वाण, पण भावानं ते आमच्या दुसऱ्या दुकानातून आणलेलं. एकाच दिवशी, त्याच बायांच्या हातांनी, बांधाच्या एका अंगाला हे आणि दुसऱ्या अंगाला ते टोबलं. भावाचं उगवलं. सुलतानपूरचं नाही. पदराची गाठ सोडून तिनं मातीतून उकरलेली सरकी दाखवली. काळी पडलेली, बोटानं दाबली की पीठ व्हायची. “घे,” ती म्हणाली, “टाक तुह्या कम्प्युटरात.”

तिला हसू आलं नाही. मलाही.

जेवण तसंच टाकून मी आत गेले आणि क्वेरीत एक शब्द वाढवला. लॉट. दुसऱ्यांदा आलेले लोक लॉटप्रमाणे लावले. जवळजवळ सगळे एकाच लॉटचे होते. त्याच गावांत, त्याच पावसात, दुसऱ्या लॉटची पाकिटं नेलेले क्वचितच परत आले होते. तो लॉट सगळ्यात जास्त गेला होता सुलतानपूरच्या दुकानात. ज्या दुकानाला हार घातला त्या दुकानात.

मी तिच्या बिलाची प्रिंट काढली. ती बिल मागायला आली होती आणि बिल तिचंच होतं. पायरीवर जाऊन तिच्या हातात दिली. वॉचमननं बघितलं. संध्याकाळपर्यंत छोटे शेठना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, बिलावरून बोलतील. त्यांनी खुर्ची दाखवली. त्या ऑफिसात त्यांनी मला पहिल्यांदा बसायला सांगितलं, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. मी बसले. ते इंग्रजीत सुरू झाले. मी हुशार आहे म्हणाले. शाळेतही होते म्हणाले. शाळेचे दिवस किती छान होते म्हणाले. बिलाचं नावच काढलं नाही.

मग काम सांगितलं. तालुक्याच्या चौकशी समितीला एक कागद द्यायचा होता. सुलतानपूर दुकान, हे वाण, गेलं वर्ष आणि यंदा. विक्री वाढली आहे. बियाणं खराब असतं तर त्याच गावानं तेच वाण परत कशाला नेलं असतं? म्हणजे शेतकरी समाधानी आहेत. तक्रारी कोणाच्या तरी सांगण्यावरून आहेत. दुबार-बिबार काही नको, सरळ बेरीज.

मी ऐकत होते. बाईच्या वावरात सरकी सडली, तिनं दुसऱ्यांदा बियाणं विकत घेतलं, आणि आता तेच दुसरं पाकीट तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जाणार होतं. ते मी जुळवून द्यायचं होतं.

“आणि खाली ‘तयार करणार’ म्हणून तुझं नाव टाक,” ते मराठीवर आले. “पूर्ण नाव. तक्रार करणाऱ्यांत तुमच्या समाजाचे पण लोक आहेत. तुमच्यातल्याच शिकलेल्या मुलीचं नाव असलं की साहेबांना बरं वाटतं.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “अब्बा कसे आहेत? गाळा बरा चालतोय ना?”

मला सगळं समजलं. गाळा त्यांचा होता. अब्बांचं मशीन त्या गाळ्यात होतं. मी जर सही करण्याइतकी शहाणी नसेन, तर मशीन रस्त्यावर.

मी टेबलाकडे बघत होते. टेबलावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, नाव खोल कोरलेलं. तिच्याकडे बघताना मला एक गोष्ट सुचली. इतकी साधी की इतकी वर्षं ती कशी सुचली नाही, याचा मला राग आला.

“माझं नाव काय आहे, सर?”

“म्हणजे?”

“पूर्ण नाव टाक म्हणालात. सांगा. मी टाइप करते.”

ते हसले. “अगं गादी...” एवढं म्हणाले आणि पुढे काही येईना. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, तो मला दिसला. डोळे माझ्या चेहऱ्यावरून फिरले, जणू नाव तिथं कुठं लिहिलेलं असेल. मग हात फोनकडे गेला. कोणाला तरी विचारणार होते. एका शाळेत वाढलो आम्ही. दोन वर्षं मी त्यांचे आकडे जुळवत होते. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं, आणि आज त्यांना ते एका खोट्या कागदाखाली हवं होतं.

मी उठले. तोंड उघडलं. पुस्तकी मराठी आली नाही, इंग्रजी तर नाहीच. गल्लीतली आली.

“माह्यं नाव तुमच्या खोट्याखाली जाणार नाही.”

त्यांचा चेहरा पडला नाही. असल्या माणसांचे चेहरे पडत नाहीत. लहानपणी त्या मागच्या दारात उभं राहून बघत होते तसेच बघत राहिले, नीट. मग म्हणाले, “लायकी दाखवलीस. उद्यापासून येऊ नको. आणि बापाला सांग, गाळा लागणार आहे आम्हाला.”

मी डबा उचलला आणि निघाले. वॉचमननं वर बघितलं नाही.

गाळ्यात अब्बा एका रजईचा कापूस मशीनमध्ये घालत होते. मी सगळं सांगितलं. मशीनच्या आवाजात त्यांना अर्धं ऐकू गेलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं. कापसाचे तंतू हवेत तरंगत राहिले, हळूहळू खाली आले, त्यांच्या डोक्यावर, माझ्या ओढणीवर.

“काय म्हणाली तू त्याले?”

मी परत सांगितलं. शब्द न शब्द.

त्यांनी हातांवरचा कापूस झटकला. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. अशा गोष्टींत शेवटी बाप पाठीवर हात ठेवतो.

“त्या घरात मान खाली घालून पिंजलं मी,” ते म्हणाले. “म्हून तू शाळेत गेली. अन् शाळेत जाऊन हे शिकली?”

“हो.”

त्यांनी मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलता येत नाही. ते त्यासाठीच सुरू केलं होतं.

गाळा गेला. मशीन आता घरासमोर पत्र्याखाली आहे. गिऱ्हाईक तिकडे वळत नाही, रस्ता अरुंद आहे. अब्बा माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. अम्मी दोघांच्या मध्ये ताट ठेवते आणि निघून जाते. शेजारच्या बायका विचारतात, इतकी शिकली, घरी काऊन बसली? त्यांना वाटतं, मी काहीतरी केलं असेल. एका पोरीची नोकरी सुटली की लोक एकच कारण धरून चालतात. मी कोणालाही काही समजावत नाही. माझ्या वागण्यानं कोणाचं भलं झालेलं नाही, हे मला माहीत आहे. विमलबाईची सरकी परत उगवलेली नाही. समितीला तो कागद माझ्याशिवायही गेला. खाली देवीदासचं नाव आहे म्हणतात. सुलतानपूरला त्याचा बोर्ड अजून आहे. उन्हानं हाराचा रंग उडालाय, दात मात्र दिसतात.

परवा विमलबाईचा फोन आला. समितीनं दोन्ही बाजूंना बोलावलंय. ती म्हणाली, पडद्यावर दुबारचं होतं हे गावात कळलंय, ते सांगणारं कोणीतरी लागते. मग तिनं सरळ विचारलं, “तुले बोलता येईन ना पण? तू तं बोलतच नाही.”

“बोलता येईन,” मी म्हणाले.

छोटे शेठ तिथं असतील. वकील असेल. माझ्यावर चोरीचा आळ घालतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मी त्या ऑफिसातून एक कागदसुद्धा आणलेला नाही. पेनड्राइव्ह नाही, फोटो नाही. पासवर्ड त्यांनी त्याच दुपारी बदलला. मला तो नको आहे. क्वेरी माझी आहे, माझ्या डोक्यात आहे. समितीनं त्यांच्या दुकानांची बिलं मागवावीत, गेल्या वर्षीची आणि यंदाची, आहेत तशी. एक कम्प्युटर मांडावा. मी सगळ्यांसमोर बसून ती क्वेरी पहिल्या शब्दापासून लिहीन. डावीकडचे सगळे ठेवीन, रिकाम्या ओळींसकट. त्यांनी काढलेला कॉलम परत जागेवर ठेवीन आणि त्याच्या शेजारी लॉट.

आधी खुर्ची मागून घेईन. मग माझं पूर्ण नाव सांगेन, बापाच्या नावासकट, आणि पिंजारी हेही सांगेन. मोठ्यानं. माइक नको. त्यांना तांय तांय करायचं असेल तर खुशाल करावं. उत्तर पडद्यावर आल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.